मेकॅनिक्समधली प्राध्यापकी आणि संशोधनाच्या जागा: कोल्हापुरातून तयारी कशी करायची

‘इंजिनिअरिंग मेकॅनिक्स’ (बलं आणि त्यांचे परिणाम यांचं शास्त्र) या नावाने जाहिराती शोधल्यात तर हाताला फारसं काही लागणार नाही. विषय पहिल्या वर्षाला बहुतेक सगळ्याच शाखांना असतो, पण त्याची जागा सिव्हिल, मेकॅनिकल नाहीतर प्रथम वर्षाच्या विभागात दडलेली असते. सरकारी कागदावर त्याला ‘उपयोजित यंत्रशास्त्र’ म्हणतात. आयआयटी दिल्ली आणि अलाहाबादच्या एमएनएनआयटीत अप्लाइड मेकॅनिक्सचा वेगळा विभाग आहे, तर आयआयटी मुंबईत हीच माणसं मेकॅनिकल, सिव्हिल आणि एरोस्पेसमध्ये विखुरलेली. संशोधनाच्या जाहिरातीत बऱ्याचदा विषयाचं नावच नसतं. तिथे ‘फटीग’, ‘फ्रॅक्चर’, ‘कंपोझिट’, ‘व्हायब्रेशन’ असे उपविषयांचे शब्द टाकून शोधा.

आधी कागद बघू. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) २०१९च्या नियमांप्रमाणे असिस्टंट प्रोफेसरला संबंधित शाखेतली बी.ई. आणि एम.ई./एम.टेक. लागते, आणि दोन्हींपैकी एकात फर्स्ट क्लास. सुरुवात वेतनाच्या लेव्हल १०ला, मूळ वेतन ५७,७०० रुपये. नेट-सेटची अट इंजिनिअरिंगला नाही, बी.एस्सी.वाल्या मित्राचं ऐकून त्यात वर्ष घालवू नका. तंत्रनिकेतनात फर्स्ट क्लासची बी.ई. चालते. खरी अडचण ‘संबंधित शाखा’ या दोन शब्दांत आहे. बी.ई. मेकॅनिकल आणि एम.टेक. स्ट्रक्चर्स (म्हणजे सिव्हिल) अशी सरमिसळ असेल तर छाननीतच अर्ज बाजूला पडू शकतो. जाहिरातीतल्या पात्रतेच्या ओळीशी दोन्ही पदव्यांची नावं अक्षरशः जुळवून बघा. मार्कशीटवर सीजीपीए असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं विद्यापीठाचं पत्र आधीच काढून ठेवा. राखीव जागेसाठी जातवैधता आणि, एससी-एसटी सोडून, मुदतीतलं नॉन-क्रिमिलेअर लागतं, आणि त्या दोन्ही गोष्टी शेवटच्या आठवड्यात होत नाहीत.

आता मान्यतेचं, म्हणजे नेमणुकीला विद्यापीठाने दिलेल्या मंजुरीचं. कोल्हापूर, सांगली, वारणानगर, इचलकरंजीच्या पट्ट्यात विनाअनुदानित कॉलेजं भरपूर, त्यामुळे पहिली नोकरी मिळायला फार पायपीट होत नाही. पण ती कशावर मिळाली आहे हे बघा: तासिका तत्त्वावर, संस्थेच्या नुसत्या ऑर्डरवर, की रीतसर निवड समिती होऊन विद्यापीठाच्या मान्यतेसह? असोसिएट प्रोफेसरला पीएच.डी.बरोबर आठ वर्षांचा अनुभव लागतो, त्यातली किमान दोन वर्षं पीएच.डी.नंतरची. त्या वेळी मान्यतेचं पत्र नसलेली वर्षं बहुधा हिशेबातून गळतात. कॉलेज सोडून पाच वर्षं झाल्यावर ते पत्र मागायला गेलात तर तिथला क्लार्क बदललेला असतो आणि फाइल सापडत नाही. म्हणून नेमणूकपत्र, हजर रिपोर्ट, मान्यतेचं पत्र, फॉर्म १६ आणि कार्यमुक्तीचा आदेश हा पाच कागदांचा संच दर नोकरीला तिथे असतानाच गोळा करा. ऑर्डरवर वेतनश्रेणी आहे की ‘कन्सॉलिडेटेड’ म्हणजे ठोक रक्कम, हेही रुजू होण्याआधी विचारा. तोंडी आश्वासनाला अर्थ नसतो.

संशोधनाकडे जायचं तर गेट (इंजिनिअरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) द्या. मेकॅनिकल किंवा सिव्हिलच्या पेपरशिवाय ‘एक्सई’ हा पेपरही आहे: त्यात गणित सक्तीचं, आणि सॉलिड मेकॅनिक्स, फ्लुइड मेकॅनिक्स यांसारखे दोन भाग निवडायचे. स्कोअर तीन वर्षं चालतो. केंद्राच्या प्रकल्पांवर जेआरएफला (ज्युनियर रिसर्च फेलो) २०२३पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये, वर घरभाडं. पुण्यात पाषाणची एआरडीई आणि दिघीची आर अँड डीई (दोन्ही डीआरडीओच्या संरक्षण प्रयोगशाळा), चेन्नईची एसईआरसी (बांधकाम-रचनांची), बंगळुरूची एनएएल (विमानांची) यांच्या वेबसाइटवर स्वतः जाऊन बघत राहा. वॉक-इनची जाहिरात येऊन जाते आणि कळतही नाही. मुलाखतीत एक प्रश्न तुम्ही विचारायचा: प्रकल्पाचे किती महिने उरलेत? तीन वर्षांच्या प्रकल्पात दुसऱ्या वर्षी शिरलात तर पीएच.डी. अर्ध्यात असताना पैसे थांबतात.

निवड मात्र कामावर ठरते, आणि त्यासाठी कोल्हापूर सोयीचं आहे. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत तडकलेलं कास्टिंग (ओतीव भाग) मागितलं तर मिळतं; ते का तडकलं हे कॉम्प्युटरवर मॉडेल करून शोधा. बहुतेक बायोडेटांत ‘ॲनालिसिस केलं, कमाल स्ट्रेस ४१२ मेगापास्कल’ एवढंच असतं. परीक्षक विचारतो, मेशचा (मॉडेलचे जे छोटे तुकडे पाडतो त्यांचा) आकार निम्मा केल्यावर किती आला? आतल्या धारदार कोपऱ्यात मेश बारीक कराल तसा आकडा वाढतच जातो, कारण गणिताने तिथला स्ट्रेस अनंत असतो. प्रत्यक्षातला फिलेट (कोपऱ्याची गोलाई) मॉडेलमध्ये घाला, तीन मेशवर उत्तर काढा आणि आकडा स्थिरावलेला दाखवा. जमलं तर त्याच जागेजवळ स्ट्रेन गेज (धातू किती ताणला गेला ते मोजणारी पातळ पट्टी) चिकटवून पडताळा घ्या. १२० ओहमच्या, गेज फॅक्टर २ असलेल्या गेजमध्ये एका मायक्रोस्ट्रेनला (लांबीत दहा लाखांत एक भाग बदल) रोध फक्त ०.०००२४ ओहमने बदलतो. म्हणजे कास्टिंगवर तेलाचा अंश राहिला किंवा दुपारी शेड तापली की वाचन सरकतं. ॲसिटोनने पुसा आणि त्याच धातूच्या भार नसलेल्या तुकड्यावर दुसरं डमी गेज लावून ब्रिज सर्किटला जोडा, म्हणजे तापमानाचा परिणाम वजा होतो. असं एक काम दहा सर्टिफिकेटांना भारी पडतं.

शिकवण्याच्या मुलाखतीत फळ्यावर बहुधा फ्री बॉडी डायग्राम (वस्तू सुटी काढून तिच्यावरची सगळी बलं दाखवणारी आकृती) काढायला सांगतात. शिडीचंच घ्या: लांबी ५ मीटर, पाय भिंतीपासून ३ मीटरवर, मध्यावर वजन २०० न्यूटन, भिंत गुळगुळीत. शिडीचं टोक ४ मीटर उंचीवर येतं; पायाभोवती मोमेंट (बलाचा फिरवण्याचा परिणाम) घेतला की २०० × १.५ = भिंतीची रिॲक्शन × ४, म्हणून ती ७५ न्यूटन. जमिनीवर घर्षण ७५, नॉर्मल २००, तेव्हा घर्षणांक किमान ०.३७५ हवा. इथवर सगळे येतात. घसरतात पुढे: जमिनीची एकूण रिॲक्शन शिडीच्या रेषेतच काढून मोकळे होतात. शिडी जमिनीशी ५३ अंशांत आहे, रिॲक्शन ६९ अंशांत. वजनाची आणि भिंतीच्या रिॲक्शनची रेषा जिथे छेदतात, त्या बिंदूतून ती जाते. फळ्यावर तो बिंदू काढून दाखवलात की समितीचे पुढचे प्रश्न सोपे येतात.

परदेशासाठी युरोपचं संशोधन-नोकऱ्यांचं युरॅक्सेस पोर्टल बघा. तिथल्या मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागांना अट अशी की, मागच्या ३६ महिन्यांत त्या देशात १२ महिन्यांहून जास्त राहिलेलं नसावं आणि हातात पीएच.डी. नसावी. कोल्हापुरात बसलेल्याची पहिली अट आपोआप पूर्ण होते. प्राध्यापकाला मेल पाठवताना त्याच्या एखाद्या पेपरातल्या नेमक्या आकृतीबद्दल दोन ओळी लिहा, सोबत दोन पानी पीडीएफ जोडा. शिफारसपत्रासाठी सरांना तीन आठवडे आधी सांगा, आणि मुद्दे लिहूनच द्या. नाहीतर ‘कष्टाळू व प्रामाणिक विद्यार्थी’ एवढंच छापून येतं.