लिफीची वेळ सांभाळून

डब्लिनला शिकायला आलेली मुलं भेटली की विचारतात, "ताई, फोटोग्राफी सुरू करायचीय, कॅमेरा कोणता घेऊ?" मी त्यांना आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक मोबाइलवर घ्यायला सांगते.

मी नाशिकची. नदी पावसाळ्यात चढते आणि मग उतरते, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्या हिवाळ्यात लिफी नदीवरच्या हेपेनी ब्रिजचा फोटो काढायला गेले, तर पाणी पार खाली गेलेलं, काठाच्या भिंती शेवाळलेल्या, कडेला चिखल. वाटलं, नदीच आटली. दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजला जाताना पाहिलं, तर तेच पाणी भिंतीला भिडलेलं. शहराच्या मधोमध वाहणारी लिफी समुद्राबरोबर दिवसातून दोनदा चढते-उतरते, आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज संध्याकाळी ५ वाजता भरती असेल, तर पुढच्या आठवड्यात त्याच वेळी जवळपास ओहोटी असते. पुलावरच्या दिव्यांचं प्रतिबिंब हवं असेल, तर भरती आणि संधिप्रकाश एकत्र येतील असा दिवस शोधावा लागतो. महिन्यात असे मोजकेच दिवस मिळतात. ते हेरून ठेवा.

संधिप्रकाशाच्या बाबतीत मात्र इथे चैन आहे. आपल्याकडे सूर्य मावळल्यावर २०-२५ मिनिटांत अंधार होतो, इथे चाळीसेक मिनिटं आकाश निळं राहतं. डिसेंबरात सूर्य ४ नंतर लगेच मावळतो, तेव्हा सगळे नवखे उदास होतात. मीही झाले होते. पण शेवटचं लेक्चर संपवून थेट पुलावर जाता येतं, रात्र जागवावी लागत नाही. जूनमध्ये याच उजेडासाठी रात्रीच्या साडेदहापर्यंत थांबावं लागतं.

आता ट्रायपॉड. नदीकाठचा लाकडी बोर्डवॉक दिसायला सोयीचा, पण त्यावर माझी अख्खी संध्याकाळ वाया गेली. प्रत्येक फोटो हललेला. कारण नंतर कळलं: माणूस शेजारून चालला की फळ्या थरथरतात. हेपेनी ब्रिज १८१६ चा, ओतीव लोखंडाचा. त्याच्यावरही पावलांची थरथर जाणवते. म्हणून काठावरच्या दगडी फुटपाथवर उभं राहा. मधला दांडा वर ओढू नका. वजनासाठी बॅग टांगलीत, तर ती जमिनीला टेकलेली असू द्या, नाहीतर वाऱ्याने बॅग झुलते आणि ट्रायपॉडही हलतो. शटर बोटाने दाबण्याऐवजी २ सेकंदांचा टायमर लावा. दिवसाउजेडी पाणी गुळगुळीत हवं असेल, तर १० स्टॉपचा एनडी फिल्टर लागतो. ही काळी काच उजेड सुमारे हजार पटींनी कमी करते, म्हणजे शटर १/३० सेकंदाच्या जागी अर्ध्या मिनिटाहून थोडा जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. फोकस काच लावण्याआधी करून मॅन्युअलवर ठेवा. काच लागली की कॅमेऱ्याला नीट दिसत नाही. आणि फिल्टर पुसायला सुती फडकं खिशात हवंच, कारण इथला पाऊस आडवा येतो.

संध्याकाळी मात्र काचेशिवाय काम होतं. ओकॉनेल ब्रिजवर १० सेकंद दिले, तर डबलडेकर बसच्या दिव्यांच्या खालीवर दोन रांगा उमटतात. याच पुलावर आर्थर फील्ड्स नावाचे फोटोग्राफर १९३० च्या दशकापासून पन्नासेक वर्षं उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोटो काढत. लोकांना हातात चिठ्ठी मिळायची आणि फोटो मागाहून घ्यायचा. तिथे उभी राहिले की मला त्यांची आठवण येतेच.

रस्त्यावर माणसांचे फोटो काढायला इथे मनाई नाही, पण आधी कायदा पुढे करू नका. मूर स्ट्रीटवर एका फळवाल्या आजींचा फोटो मी लांबून काढत होते. त्यांनी पाहिलं आणि हाक मारली, "आधी संत्री घे!" घेतली. दहा मिनिटं गप्पा झाल्या, मग त्यांनीच हात पुसून कॅमेऱ्याकडे पाहिलं. पुढच्या शनिवारी फोटो छापून नेऊन दिला, तेव्हापासून मला त्या गल्लीत परकं वाटलेलं नाही. लहान मुलांच्या बाबतीत मात्र आई-वडिलांना विचारल्याशिवाय कॅमेरा उचलायचा नाही, हे मी पहिल्यापासून पाळते.

सँडीमाउंटच्या समुद्रकिनाऱ्यावरून पूलबेग वीजकेंद्राची लाल-पांढरी धुराडी छान दिसतात. तिथे एकटं आत जाऊ नका. किनारा सपाट आहे, भरतीचं पाणी बघता बघता मागून वळसा घालतं.

माझा आवडता फोटो हेपेनी ब्रिजच्या तोंडाशी काढलेला. भरती होती, २० सेकंद दिले होते. पुलावरची सगळी गर्दी धुरासारखी विरून गेली. फक्त एक माणूस कठड्याला टेकून फोनवर बोलत होता. त्याचं डोकं, हात पुसट आहेत, पण बूट जागचे हलले नाहीत. डाव्या बुटाची सुटलेली नाडीसुद्धा स्पष्ट दिसते.