मणक्याचा टीबी आणि ऑर्थोचं पहिलं वर्ष

ऑर्थोला, म्हणजे हाडांच्या विभागात, प्रवेश मिळाला तेव्हा टीबी हे मेडिसिनवाल्यांचं काम, अशी माझी समजूत होती. पहिल्याच आठवड्यात ओपीडीत एक मावशी आल्या. चार महिने पाठ दुखत होती, तेल-मालिश करून झालं होतं. आता चालताना चप्पल पायातून निसटायची आणि त्यांना कळायचंही नाही. पेशंट 'पायातली ताकद गेली' असं सांगत नाहीत, ते चपलेचं सांगतात. तिथे कान टवकारा.

एमआरआयमध्ये दोन मणके आणि मधली चकती पोखरलेली, शेजारी गळू. मी लगेच विचारलं, "सर, ऑपरेशनला पोस्ट करू?" उत्तर आलं, "आधी बायोप्सी." म्हणजे सुईने तुकडा काढून तपासायचा.

तिथेच माती खाल्ली. सगळे तुकडे फॉर्मालिनमध्ये टाकले. त्यात जंतू मरतात, त्यामुळे कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघण्याची तपासणी, हातची गेली. पॅथॉलॉजीचा तुकडा फॉर्मालिनमध्ये, पण सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरचा साध्या सलाइनमध्ये. औषधाला दाद न देणारा टीबी त्यातूनच सापडतो. पुन्हा सुई घालावी लागली. मावशी काही बोलल्या नाहीत, मलाच लाज वाटली.

ऑपरेशन कधी करायचं यावर जुने मतभेद आहेत. हाँगकाँगला हॉजसन नावाचे सर्जन पुढून छाती उघडून सडलेलं हाड काढायचे आणि तिथे चांगलं हाड बसवायचे. आपल्याकडे हाडांचे सर्जन डॉ. तुलींनी 1975 मध्ये मधला मार्ग मांडला: औषधं सगळ्यांना, ऑपरेशन गरजेपुरतं. गरज म्हणजे औषधं चालू असूनही ताकद घटणं किंवा तीन-चार आठवड्यांत सुधारणा नसणं, लघवीवरचा ताबा जाणं, मणका डळमळीत होणं. लहान मुलांचं वेगळं. रोग बरा झाल्यावरही त्यांचं कुबड वाढत राहू शकतं, म्हणून त्यांचे एक्स-रे वाढ पूर्ण होईपर्यंत बघायचे.

औषधं सुरू असतानाच तिसऱ्या आठवड्यात मावशींचे पाय आणखी ढिले पडले, मग ऑपरेशन झालं. हल्ली बहुतेकदा पाठीमागूनच जातात: स्क्रू-रॉडने आधार, मज्जारज्जूवरचा दाब मोकळा, पू बाहेर. पू असलेल्या जागी धातू कसा, हा प्रश्न मलाही पडला होता. टीबीचा जंतू धातूवर इतर जंतूंसारखा जाड थर धरत नाही, म्हणून औषधांच्या छत्राखाली ते चालतं.

डिस्चार्जच्या दिवशी निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर पेशंटची नोंद आणि बँक खातं स्वतः तपासा. नोव्हेंबर 2024 पासून पोषणाचे महिन्याला 1000 रुपये मिळतात.

सहाव्या महिन्यात मावशी चालत आल्या. "आता बरं आहे, गोळ्या थांबवू का?"

गोळ्यांचे अजून किमान सहा महिने बाकी होते.