झायनमध्ये पोरांसोबत सायकल आणि हाइक: बसने वर, सायकलने खाली

यूटामधल्या झायन नॅशनल पार्कचं नाव काढलं की सगळे एंजल्स लँडिंग या उंच कड्यावरच्या हाइकचं विचारतात. पोरं लहान असतील तर ते आत्ता सोडा, एक तर कड्यावरची साखळी धरून चढायचं आणि 2022 पासून परमिटही लागतं. पोरांना घेऊन हे कॅन्यन, म्हणजे नदीने कोरलेली खोल दरी, बघायची सगळ्यात भारी पद्धत म्हणजे सायकल. साधारण मार्च ते नोव्हेंबर पार्कची फुकट शटल बस चालते आणि शटल चालू असताना आतल्या सीनिक ड्राइव्हवर (कॅन्यनमधून जाणारा रस्ता) बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. म्हणजे दोन्ही बाजूंना दोन-दोन हजार फुटांचे लाल कडे, शेजारी व्हर्जिन नदी, आणि रस्त्यावर जवळपास फक्त बस नि सायकली! पोरांना असा रस्ता दुसरीकडे कुठे मिळणार सांगा.

आता मुख्य गोष्ट. व्हिजिटर सेंटरपासून वर टेम्पल ऑफ सिनावावापर्यंत (शटलचा शेवटचा थांबा) साधारण 8 मैल आहेत आणि पूर्ण रस्ता हळूहळू चढत जातो, मोठ्यांना ते जाणवत नाही पण छोट्या चाकाच्या सायकलवर पोरगं अर्ध्यातच रडकुंडीला येतं. म्हणून जाताना सायकली शटलच्या पुढच्या रॅकवर टाका, वर उतरा आणि येताना सायकलने खाली या. रॅकवर दोन-तीनच सायकली बसतात, म्हणून चौघं असाल तर दोन बसमध्ये विभागून जा, एक मोठा एक छोटा अशी जोडी करून. सायकल स्वतः उचलून ठेवावी लागते, ड्रायव्हर उतरत नाही, त्यामुळे आदल्या दिवशी सायकली जरा उचलून बघा. स्प्रिंगडेल गावात सायकली भाड्याने मिळतात. ई-बाइक घेणार असाल तर पेडल मारल्यावरच मोटर चालते अशीच घ्या, नुसत्या थ्रॉटलवर पळणारी आत चालत नाही.

वर पोचलात की सायकली स्टँडला लॉक करा (झाडाला किंवा पाटीला बांधायच्या नाहीत) आणि रिव्हरसाइड वॉक करा. जाऊन-येऊन 2.2 मैल, पक्का आणि जवळपास सपाट रस्ता. तिथे सायकल नेता येत नाही. शेवटी नदी येते, नॅरोज (नदीच्या पात्रातूनच चालायचा कॅन्यनचा अरुंद भाग) तिथूनच सुरू होतं. पोरं पाण्यात उतरायचा हट्ट करणारच, पण नदीत विषारी सायनोबॅक्टेरिया सापडलेत, त्यामुळे डोकं बुडवू देऊ नका आणि ते पाणी पिऊ तर अजिबात देऊ नका, फिल्टर करूनही नाही. आणि सकाळीच व्हिजिटर सेंटरला फ्लॅश फ्लडचा अंदाज विचारून घ्या. इथे डोक्यावर ऊन असलं तरी मैलोन्‌मैल लांब पडलेल्या पावसाचं पाणी अचानक येतं, दगडात ते मुरत नाही ना. शक्यता सांगितली असेल तर नदीत पाय टाकायचा नाही, पोरं कितीही चिडली तरी.

मग उतार. उजव्या बाजूने, एकामागे एक, पुढे एक मोठा आणि मागे एक मोठा, हेल्मेट सगळ्यांना. एक नियम पोरांकडून आधी पाठ करून घ्या: मागून शटल आली की बाजूला व्हायचं आणि थांबायचं, पाय जमिनीवर. चालत्या सायकलला शटल ओव्हरटेक करत नाही, तुम्ही थांबला नाहीत तर मागे सगळी बस खोळंबते. आम्ही मागच्या मोठ्याने "बस!" ओरडायचं असं ठरवलं होतं, दुसऱ्या वेळेपासून पोरं आपसूक थांबायला लागली.

मधे झायन लॉजला थांबा, हिरवळ आहे, डबा खायला मस्त जागा. समोरून लोअर एमराल्ड पूल्सची हाइक निघते, जाऊन-येऊन 1.2 मैल, कड्यावरून गळणाऱ्या पाण्याखालून चालायला मिळतं. त्या तळ्यांमध्ये उतरायला मनाई आहे. खाताना खारी जवळ येतील, त्यांना काही देऊ नका, चावतात.

कॅन्यन जंक्शनला सीनिक ड्राइव्ह संपतो, तिथून पारूस ट्रेलवर वळा. पार्कमध्ये सायकल चालवायला परवानगी असलेला हा एकच ट्रेल, 1.7 मैल, डांबरी. पारूस म्हणजे इथल्या मूळ रहिवासी पायूट लोकांच्या भाषेत खळखळतं पाणी, आणि खरंच नदीचा आवाज शेवटपर्यंत सोबत असतो. ट्रेल चालणाऱ्यांचाही आहे, वेग कमी ठेवा.

बाकी पटकन: एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बघा, उन्हाळ्यात पारा 38 अंशांच्या वर जातो. उन्हाळ्यातच जमत असेल तर पहिल्या शटलपैकी एखादी पकडा. पाणी माणशी निदान दोन-तीन लिटर, लॉज आणि सिनावावाला परत भरता येतं. एक स्पेअर ट्यूब आणि पंप ठेवाच. माउंट कार्मेल बोगद्याकडे सायकलने जाऊ नका, आत बंदी आहे. आणि पोरांसाठी सकाळीच ज्युनिअर रेंजरचं (पार्कचा मुलांसाठीचा उपक्रम) पुस्तक घेऊन ठेवा, पारूस ट्रेल व्हिजिटर सेंटरपाशीच संपतो, तिथेच भरलेलं पुस्तक दाखवून बॅज घेता येतो.