सिंहगड–राजगड–तोरणा अल्ट्रा: उतारावरच्या या चुका टाळा

रस्त्यावरची फुल मॅरेथॉन आरामात पूर्ण करणारे धावपटू सिंहगड, राजगड, तोरणा या तीन गडांच्या ५३ किलोमीटरच्या या डोंगरी शर्यतीत गळपटतात ते चढावर नाही, उतारावर. कारण सगळा सराव किलोमीटर मोजून केलेला असतो. वहीत चढ-उताराचे मीटरही लिहा. पायथ्याच्या आतकरवाडीतून सिंहगड म्हणजे साधारण ६०० मीटर चढ आणि तेवढाच उतार. गडावरून जीपने खाली आलात तर अर्धा सराव वाया गेला.

उतरताना मांडीचे पुढचे स्नायू लांबत असतानाच अंगाचा भार पेलतात. त्यात तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही. पण एकदा हा मार खाल्लेला स्नायू पुढच्या वेळी कमी दुखतो, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. म्हणून दर १०-१४ दिवसांनी एक मोठा उतार धावत उतरा. आधी एक फेरी, महिन्याभराने दोन. शेवटची जड फेरी शर्यतीच्या किमान दोन आठवडे आधी उरकून टाका.

पावलं आखूड, गुडघा किंचित वाकलेला, नजर तीन-चार मीटर पुढे. टाच पुढे रोवून ब्रेक मारत उतरलात की गुडघ्याला दणके बसतात आणि घसाऱ्यावर पाय सटकतो.

अंगठ्याचं नख काळं पडतंय? बूट बदलण्याआधी लेस बघा. सगळ्यात वरच्या, बहुधा रिकाम्याच राहणाऱ्या भोकात दोन्ही बाजूंना छोटे फास करा, समोरच्या बाजूची लेस त्यांतून ओवा आणि ओढून बांधा. टाच मागे घट्ट बसते. तरी बोटं पुढे आपटत असतील तर अर्धा नंबर मोठा घ्या.

चढावर बोलताना धाप लागली की सरळ चाला.

पाण्याचा अंदाज घरीच काढा. काही न पिता तासभर धावा, आधी आणि नंतर वजन करा. ८०० ग्रॅम घटलं तर घाम साधारण ८०० मिली. तासाला त्याहून जास्त पिऊ नका. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं, डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच मिसळा.

मांड्या भरून आल्या म्हणून आयबुप्रोफेन घेऊन उतरू नका. अंगात पाणी कमी असताना ही गोळी मूत्रपिंडांना जड जाते, आणि तुटलेल्या स्नायूंतली प्रथिनं त्यात भर घालतात. लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली तर तिथेच थांबा आणि थेट रुग्णालय गाठा.