एलएलबी पहिलं वर्ष: गाईड घ्यावं की नको, आणि कोणतं?

आधी विद्यापीठाचा चालू अभ्यासक्रम आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका हाताशी ठेवा. मग प्रत्येक विषयाला एक बेअर अ‍ॅक्ट (कायद्याचा नुसता मूळ मजकूर), एक पाठ्यपुस्तक आणि फार तर एक गाईड. तीन गाईडं घेतली की एकही पूर्ण वाचून होत नाही.

फौजदारी कायद्याचं जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं तरी नको. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. भादंविची (जुन्या भारतीय दंड संहितेची) ५११ कलमं जाऊन ३५८ आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). तुलनात्मक तक्ता असलेलं पुस्तक घ्या, कारण जुने निकाल जुन्याच क्रमांकांनी बोलतात.

करार कायदा १८७२ चा, म्हणून जुनी प्रत चालेल असं वाटतं. पण त्याच पेपरात विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियम (करार पाळायला लावण्यासारखे उपाय देणारा कायदा) असेल तर २०१८ ची दुरुस्ती छापली आहे का, ते कलम १० उघडून दुकानातच पाहा.

टॉर्टचं, म्हणजे नुकसानभरपाई मागता येणाऱ्या दिवाणी अपकृत्यांच्या कायद्याचं, गणित वेगळं. तिथे सगळं एका कायद्यात नाही. बरंचसं निकालांतून आलेलं. त्यामुळे गाईडात निकालाचं नुसतं नाव नको. तथ्यं, मुद्दा, निर्णय आणि कारण हवं. चाचणी सोपी: रायलँड्स वि. फ्लेचर या इंग्लंडमधल्या निकालातल्या कठोर दायित्वापेक्षा (चूक नसतानाही जबाबदारी, पण काही अपवादांसह) भारतातल्या ओलियम वायुगळती प्रकरणातलं संपूर्ण दायित्व (अपवादच नाहीत) वेगळं कसं, हे सांगितलंय? नसेल तर पुस्तक परत ठेवा.

मराठीतून पेपर लिहिणाऱ्यांनी द्विभाषी बेअर अ‍ॅक्ट घ्यावा. संज्ञा त्यातल्याच वापराव्यात, गाईडवाल्याच्या घरगुती भाषांतरातल्या नव्हे.