डेटा लीक झाला? आधी काय बंद करायचं आणि भरपाई कोणाकडे मागायची

मागच्या वर्षी आईला एक फोन आला, समोरचा माणूस एकदम घरच्यासारखा, "काकू, मार्चच्या रिपोर्टमध्ये तुमची शुगर बरीच वाढलेली दिसतेय, औषध चालू आहे ना?" आईला वाटलं डॉक्टरांकडचाच कोणी असेल, ती बिचारी सगळं सांगत बसली, आणि शेवटी गाडी आली साडेचार हजारांच्या कसल्यातरी पावडरीवर. रिपोर्ट एका लॅबमध्ये काढला होता, नाव घेत नाही. त्यांना विचारलं तर "आमच्याकडून काहीच गेलं नाही सर". मग तीन आठवड्यांनी मेल, की आमच्या सिस्टीममध्ये अनधिकृत शिरकाव झाला होता, तुमची गोपनीयता आम्हाला फार महत्त्वाची आहे वगैरे वगैरे. तेव्हापासून हे सगळं उकरून काढलंय, ते ओळीने लिहितो.

पहिलं काम: नक्की काय गेलंय ते बघा

"डेटा लीक" ऐकलं की लोक एकतर घाबरतात नाहीतर "माझ्याकडे आहे काय चोरायला" म्हणून सोडून देतात. दोन्ही चूक. पासवर्ड गेला तर दहा मिनिटांत बदलता येतो, कार्ड नंबर गेला तर कार्ड बदलून मिळतं, पण जन्मतारीख, तब्येतीची माहिती बदलता येत नाही. २०२१ मध्ये एअर इंडियाच्या सुमारे ४५ लाख प्रवाशांचा डेटा बाहेर गेला तो त्यांच्या सर्व्हरवरून नाही, सिता नावाच्या बाहेरच्या कंपनीकडून, आणि त्यात २०११ पासूनचे प्रवासी होते. म्हणजे दहा वर्षांपूर्वी काढलेलं तिकीट सुद्धा अंगाशी येऊ शकतं. २०२४ मध्ये स्टार हेल्थच्या ग्राहकांची कागदपत्रं टेलिग्रामवरच्या चॅटबॉटमधून मिळत होती, त्यात क्लेमचे पेपर आणि मेडिकल रिपोर्ट पण.

कंपनीचा मेल आला असेल तर नीट वाचा, कोणत्या प्रकारची माहिती गेली ते त्यात बहुतेक लिहिलेलं असतं (लाजत लाजत, तिसऱ्या परिच्छेदात). मेलमधल्या लिंकवर क्लिक मात्र करू नका, खऱ्या लीकच्या पाठोपाठ खोटे मेल येतात. तुमचा ईमेल आयडी कुठल्या जुन्या लीकमध्ये सापडतो ते "हॅव आय बीन पॉन्ड" या साइटवर फुकट बघता येतं.

आणि काहीही डिलीट करायच्या आधी सगळं सेव्ह करा. मेल, एसएमएस, कॉल लॉग, स्क्रीनशॉट तारीख-वेळेसकट. एक फोल्डर करा आणि त्यात टाकत जा. हे कंटाळवाणं आहे, पण पुढची सगळी भांडणं या फोल्डरच्या जिवावरच होतात.

त्याच दिवशी बंद करायच्या गोष्टी

सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड, बँकेचा नंतर. कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच रीसेट होतात. तोच पासवर्ड अजून कुठे वापरला असेल तर तिथेही बदला, आणि टू-स्टेप (पासवर्डनंतर अजून एक कोड मागणारी सोय) चालू करा, जमलं तर एसएमएसऐवजी कोड दाखवणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपवाली.

कार्डाची माहिती गेली असेल तर ब्लॉक करून नवीन मागवा. शंका असेल तर निदान बँकेच्या ॲपमधून ऑनलाइन आणि इंटरनॅशनल व्यवहार बंद ठेवा.

आधारचा नंबर गेला असेल तर मायआधार पोर्टलवर जाऊन बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे तुमच्या बोटाच्या ठशावर कोणी व्यवहार करू शकणार नाही, स्वतःला लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं. तिथेच ऑथेंटिकेशन हिस्ट्री पण दिसते, मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठे कुठे वापरलं गेलं ती. आईची बघितली तेव्हा त्यात काही वावगं नव्हतं, पण बघितल्यावरच झोप लागली. यापुढे कोणालाही पूर्ण आधारची झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड आधार द्या, ज्यात शेवटचे चार आकडेच दिसतात.

मग संचार साथी पोर्टल. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते तिथे कळतं, आणि ओळखीचं नसलेलं सिम "माझं नाही" म्हणून रिपोर्ट करता येतं.

आता क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या नावावरच्या कर्जांची नोंद. इथे जरा थांबतो, कारण लोक हेच विसरतात. पॅन आणि जन्मतारीख हाताला लागली की कोणीतरी तुमच्या नावावर छोटं ॲपवालं कर्ज काढतो आणि तुम्हाला कळतं कधी, तर दोन वर्षांनी होम लोन नाकारलं जातं तेव्हा. आपल्याकडे ही नोंद ठेवणारे चार ब्युरो आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि प्रत्येकाकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चारही एकदम काढू नका, तीन-तीन महिन्यांनी एकेक काढा, म्हणजे वर्षभर लक्ष राहतं. अनोळखी कर्ज किंवा चौकशी दिसली की ब्युरोकडे आणि त्या बँकेकडे दोन्हीकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. रक्कम छोटी आहे, पण त्यासाठी कोर्टात जावं लागत नाही.

पैसेच गेले असतील तर

मग वरचं सगळं बाजूला ठेवा, आधी १९३० ला फोन, ती सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कराल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यात अडकवून ठेवता येण्याची शक्यता जास्त. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार, आणि बँकेला लेखी कळवा, तक्रार क्रमांक घ्या.

बँकेला कळवण्यात दिवस मोजले जातात. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक असं सांगतं की चूक बँकेची असेल तर ग्राहकावर शून्य बोजा. चूक बँकेची नाही तुमचीही नाही, तिसरीकडून माहिती फुटली, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तरी शून्य. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर खात्याच्या प्रकारानुसार ठराविक मर्यादेपर्यंतचं नुकसान तुमचं, साध्या बचत खात्याला ती १०,००० रुपये होती. त्यानंतर मात्र बँकेच्या धोरणावर. आणि चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं काम बँकेचं, हे वाक्य शाखेत गेल्यावर ठणकावून सांगा. हां, ओटीपी तुम्ही स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमच्याच माथी.

बँकेने तीस दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवून लावलं तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तक्रार ऑनलाइन आणि फुकट.

कंपनीला पत्र

कस्टमर केअरला फोन करून काहीही होत नाही, मी चौदा वेळा केलाय. वेबसाइटवर खाली प्रायव्हसी पॉलिसीत ग्रीव्हन्स ऑफिसरचं (तक्रार अधिकाऱ्याचं) नाव आणि मेल असतो, आयटी कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार तो नेमावाच लागतो आणि एक महिन्यात तक्रार निकाली काढावी लागते. त्याला साध्या भाषेत लिहा: माझी कोणती माहिती गेली, कधी गेली, तुम्हाला कधी कळलं, मला उशिरा का सांगितलं, कोणती सुरक्षा होती, आता माझी माहिती काढून टाकणार का, आणि मला झालेला खर्च इतका आहे तो द्या. शिव्या नकोत, हा मेल पुढे कोणीतरी तिसरा माणूस वाचणार आहे हे धरून लिहा.

भरपाई, म्हणजे खरी मेख

सगळे म्हणतात नवीन डेटा कायदा आलाय, २५० कोटी दंड आहे. आहे, पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, तुमच्या खात्यात त्यातला एक रुपया येत नाही. २०२३ च्या या डीपीडीपी (वैयक्तिक डेटा संरक्षण) कायद्यात ज्याचा डेटा गेला त्याला भरपाई देण्याची सोयच नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास लागू होणार असं ठरलंय.

पैसे मिळण्याचा रस्ता आहे तो जुन्या आयटी कायद्यातल्या कलम ४३-अ मध्ये. कंपनीने संवेदनशील माहिती सांभाळण्यात हयगय केली आणि त्यामुळे नुकसान झालं तर भरपाई. गंमत बघा, नवीन कायद्याच्या त्या जबाबदाऱ्या लागू होतील तेव्हाच हे कलम रद्द होणार आहे, तेव्हा ज्याला जायचंय त्याने रेंगाळू नये.

यासाठी कोर्ट नाही, प्रत्येक राज्याचा आयटी सचिव हाच न्यायनिर्णय अधिकारी असतो, आपला मंत्रालयात. पाच कोटींपर्यंतचे दावे त्याच्याकडे जातात, वकील सक्तीचा नाही, फी मागितलेल्या रकमेवर ठरते, म्हणून रागाच्या भरात एक कोटी लिहू नका. २०१३ मध्ये इथेच पुण्यातल्या एका कंपनीला पंजाब नॅशनल बँकेने ४५ लाख द्यावेत असा आदेश झाला होता. त्या कंपनीच्या खात्यातून ८० लाखांच्या वर रक्कम गेली होती, मालकाने फिशिंग मेलला, म्हणजे माहिती काढून घेणाऱ्या खोट्या मेलला, उत्तर दिलेलं होतं म्हणजे थोडी चूक त्यांचीही होती, तरी बँकेची हयगय धरली गेली.

पण दोन अडचणी आहेत. एक, "संवेदनशील" मध्ये पासवर्ड, बँक-कार्डाची माहिती, तब्येत, बायोमेट्रिक वगैरे येतं, नुसतं नाव, पत्ता, मोबाइल नंबर येत नाही. दोन, नुकसान दाखवावं लागतं. आमचं घोडं इथेच अडलं, आईने पावडर घेतलीच नाही, मग नुकसान काय दाखवणार?

म्हणून आम्ही ग्राहक आयोगाकडे वळलो. पैसे देऊन सेवा घेतली, ती नीट दिली नाही, म्हणजे सेवेतली त्रुटी, आणि तिथे मानसिक त्रासाची भरपाई मागता येते. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या होते, आणि सेवेसाठी पाच लाखांपर्यंत दिलेले असतील तर फी नाही. तक्रारीची नोटीस लॅबला गेल्यावर मात्र जो माणूस चौदा फोनांना सापडला नाही तो स्वतः फोन करायला लागला, तडजोडीत टेस्टचे पैसे आणि वर थोडी रक्कम मिळाली, माहिती काढून टाकल्याचं लेखी पण मिळालं.

युरोप किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथल्या जीडीपीआर या डेटा कायद्याच्या कलम ८२ मध्ये मनस्तापाचीही भरपाई थेट मागता येते, तिथल्या कंपनीने डेटा घालवला असेल तर तोच रस्ता धरा.

अजून एक. तक्रार केल्यावर काही दिवसांत "तुमचे पैसे परत मिळवून देतो, सायबर सेलमधून बोलतोय, आधी प्रोसेसिंग फी भरा" असा फोन येऊ शकतो. फुटलेल्या याद्या याच लोकांच्या हातात असतात, त्यामुळे त्यांना तुमचं नाव, बँक सगळं माहीत असतं. १९३० वाले, लोकपाल, ग्राहक आयोग, कोणीही फोनवर फी मागत नाही. आईला आला होता, तिने विचारलं "आधी सांग, नंबर कुठल्या लॅबमधून मिळाला?" फोन कट.