कोल्हापुरात बसून पुण्याची गाडी ठरवताय? फोन-ईमेलवरच्या या चुका टाळा

कोल्हापुरात शोरूमला तोटा नाही. तरीही हवा तो रंग इथे शिल्लक नसतो, हवं ते व्हेरियंट दोन महिन्यांनी येणार असतं, किंवा पुण्यातला पाहुणा सांगतो की आमच्याकडे वीस हजारांनी स्वस्त मिळतेय. मग फोन सुरू होतात. समोर बसून बोलताना विक्रेता कागदावर आकडे मांडतो आणि आपण प्रत्येक ओळीवर बोट ठेवू शकतो. फोनवर मात्र एकच आकडा ऐकू येतो, आणि त्यात काय धरलंय, काय सोडलंय ते कळत नाही. पुढच्या बहुतेक चुका इथूनच निघतात.

'डिस्काउंट किती देता?' हा पहिला प्रश्न

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. घासाघीस सवलतीवर करायची नसते, गाडी रस्त्यावर येईपर्यंत खिशातून जाणाऱ्या एकूण रकमेवर करायची असते. उदाहरण म्हणून ९,५०,००० रुपये एक्स-शोरूम भावाची (म्हणजे रस्ता कर, नोंदणी आणि विमा सोडून) पेट्रोल गाडी घेऊ. खासगी मालकासाठी महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रस्ता कर, म्हणजे १,०४,५०० रुपये. पहिला डीलर म्हणतो ३५,००० सवलत, पण त्याचा विमा ४६,००० चा, 'हँडलिंग' १२,००० आणि सक्तीचं ॲक्सेसरीज किट १८,००० चं. एकूण १०,९५,५००. दुसरा म्हणतो सवलत फक्त १५,०००, पण विमा ३४,००० चा आणि बाकी काही नाही. एकूण १०,७३,५००. फोनवर पहिला वीस हजारांनी उदार वाटतो, प्रत्यक्षात तोच बावीस हजारांनी महाग पडतो.

म्हणून पहिला फोन भाव विचारायला करूच नका. फोन करून फक्त सेल्स मॅनेजरचा ईमेल पत्ता घ्या आणि सगळ्या डीलरांना एकच मजकूर पाठवा:

'मला अमुक मॉडेल, अमुक व्हेरियंट, अमुक रंग, पेट्रोल, मॅन्युअल हवी आहे. नोंदणी कोल्हापूरच्या पत्त्यावर, व्यक्तीच्या नावाने. कृपया लेटरहेडवर कोटेशन पाठवा. त्यात एक्स-शोरूम किंमत, रस्ता कर, नोंदणी शुल्क, विमा (कंपनीचं नाव, आयडीव्ही, प्रत्येक ॲड-ऑन वेगळा), फास्टॅग, इतर कोणताही खर्च, प्रत्येक सवलत वेगळी आणि शेवटी एकूण ऑन-रोड रक्कम असावी. गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली आहे आणि कोटेशन कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे, तेही लिहावं.'

(आयडीव्ही म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ॲड-ऑन म्हणजे जादा हप्ता भरून घेतलेलं वाढीव संरक्षण, ऑन-रोड म्हणजे सगळं धरून गाडी रस्त्यावर येण्याची रक्कम.) या मेलला उत्तर न देता 'साहेब, एकदा शोरूमला या, बसून बोलू' असं म्हणणारा डीलर यादीतून काढा. शोरूम सव्वादोनशे किलोमीटरवर आहे. तिथवर आलेला माणूस रिकाम्या हाताने परत जात नाही, हे त्याला पक्कं माहीत असतं.

तीन कोटेशन मागवली, पण तिन्ही एकाच घरची

कोल्हापूर, सांगली आणि कराडच्या शोरूमचे बोर्ड वेगळे असतात, मालक कधीकधी एकच असतो. अशा ठिकाणांहून तीन आकडे आणून त्यांची आपसात स्पर्धा लावता येत नाही. खात्री करायला कोटेशनच्या तळाशी छापलेला जीएसटी क्रमांक पाहा. पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्र २७, कर्नाटक २९) आणि पुढची दहा अक्षरं त्या फर्मच्या पॅनची. ही दहा अक्षरं जुळली की धंदा एकच. जवळचा एक, सांगली-साताऱ्याकडचा एक आणि पुण्यातले दोन, असे चार वेगवेगळ्या पॅनचे डीलर पुरेसे आहेत. दहा जणांना नंबर दिला, तर महिनाभर फोन वाजत राहील, हाती काही लागणार नाही.

बेळगाव जवळ आहे म्हणून तिथेही विचारावंसं वाटतं. विचारा, पण तिथलं ऑन-रोड कोटेशन इथल्याशी ताडू नका. कर्नाटकातला रस्ता कर आपल्यापेक्षा चढा आहे, आणि कायमचा कोल्हापुरात राहणाऱ्याला गाडी शेवटी इथेच नोंदवायची असते. तिथून फक्त एक्स-शोरूम भाव, सवलत आणि तात्पुरत्या नोंदणीचा खर्च मागा. कर इथला धरून बेरीज स्वतः करा.

पुण्यातून घेताना राज्य एकच, त्यामुळे रस्ता कर तोच. फक्त पासिंग एमएच-१२ (पुणे) वर होणार की एमएच-०९ (कोल्हापूर) वर, हे आधी लिहून घ्या. 'कोल्हापूर पासिंगचे वेगळे पडतील' हे वाक्य डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी ऐकू येतं, तेव्हा ते कोटेशनमध्येच आलेलं बरं. आणखी एक गोष्ट गोकुळ शिरगाव किंवा शिरोली एमआयडीसीतल्या उद्योजकांसाठी: गाडी कंपनीच्या नावावर घेतली तर रस्ता कर २० टक्के लागतो. कोटेशन वैयक्तिक नावाचं आणि बिल कंपनीच्या नावाचं झालं, तर लाखभराचा फरक पडू शकतो.

विम्याची ओळ न फोडणे

डीलरची कमाई जिथे लपते ती ही ओळ. नव्या खासगी गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, विमा सक्तीचा आहे (१ सप्टेंबर २०१८ पासून), आणि त्याचा दर सरकारने ठरवलेला असतो. तो कोणीही कमी करू शकत नाही, म्हणून तिथे वेळ घालवू नका. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, एका वर्षाचा हप्ता मात्र कंपनीगणिक आणि डीलरगणिक बदलतो. त्याच आयडीव्हीवर, त्याच ॲड-ऑनवर बाहेरच्या दोन कंपन्यांकडून आकडा घ्या आणि डीलरला मेल करा. विमा डीलरकडूनच घ्यावा अशी सक्ती नाही. एवढं लिहिलं की बहुतेक ठिकाणी हप्ता खाली येतो.

तुलना करताना आयडीव्ही नक्की पाहा. नव्या गाडीचा आयडीव्ही साधारणपणे एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असतो. कोणी त्याहून खूप कमी धरला असेल, तर हप्ता स्वस्त दिसतो आणि गाडी चोरीला गेली तर भरपाईही तेवढीच कमी मिळते. जुन्या गाडीवर नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) साठला असेल तर तो सांगायला विसरू नका. तो गाडीचा नसून मालकाचा असतो, ५० टक्क्यांपर्यंत असू शकतो आणि जुन्या विमा कंपनीच्या पत्रावर नव्या गाडीला लागतो. फोनवर हे कोणी आपणहून विचारत नाही.

ॲड-ऑन कापताना कोल्हापूरकरांनी एकाला हात लावू नये: इंजिन प्रोटेक्शन. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, आंबेवाडी, प्रयाग चिखलीत काय धावपळ सुरू होते ते सगळ्यांना माहीत आहे. पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावली आणि पाणी सिलिंडरमध्ये शिरलं, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत हे नुकसान बसत नाही. टायर कव्हर, चावी कव्हर सोडा, हे ठेवा.

तोंडी शब्द तोंडीच राहू देणे

फोन संपल्यावर तासाभरात मेल गेलाच पाहिजे: 'आत्ता फोनवर ठरल्याप्रमाणे एकूण ऑन-रोड रक्कम १०,७३,५००, त्यात अमुक आणि तमुक धरलेलं आहे. आपला होकार मेलने कळवावा.' व्हॉट्सॲपवर 'डन सर' आणि अंगठा येतो, तो एक्झिक्युटिव्हचा असतो, डीलरचा नाही. तो पुढच्या महिन्यात नोकरी सोडून गेला तर मॅनेजर म्हणतो, आम्हाला काही माहीत नाही. होकार मॅनेजरच्या, डीलरच्या मेल पत्त्यावरूनच घ्या.

बुकिंग फॉर्मच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात एक वाक्य असतं: किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागू राहील. याच वाक्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. कंपन्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये भाव वाढवतात, महिन्याच्या योजना महिन्याअखेरीस संपतात, आणि गाडीचं बिल दोन दिवस पुढे सरकलं की ठरलेले पंचवीस हजार उडून जातात. त्यामुळे मेलमध्ये तारखेसकट लिहून घ्या: बिल अमुक तारखेच्या आत होईल, डीलरकडून उशीर झाला तर सवलतीतला फरक डीलर सोसेल. सगळे मान्य करत नाहीत. जो मान्य करतो त्याच्याकडे गाडी खरोखर स्टॉकमध्ये असते.

सवलत बिलातच वजा झालेली हवी. 'आत्ता पूर्ण भरा, एक्स्चेंज बोनस नंतर खात्यावर येईल' (म्हणजे जुनी गाडी दिल्याबद्दलची जादा सवलत) असं म्हणत असतील, तर किती दिवसांत येईल ते लिहून मागा. बिलाची रक्कम १० लाखांवर गेली की एक टक्का टीसीएस (विक्रेत्याने आपल्याकडून आधीच गोळा केलेला प्राप्तिकर) लागतो. हा खर्च नव्हे, प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तो वळता होतो. पण ऑन-रोड बेरजेत तो धरला आहे की नाही, हे चारही कोटेशनमध्ये सारखं करून घ्या.

जुनी गाडी देणार असाल, तर फोटोवरून ठरलेल्या किमतीवर विसंबू नका. फोनवर ३,२०,००० म्हणतात आणि डिलिव्हरीच्या दिवशी 'क्लच गेलाय, टायर संपलेत' म्हणून चाळीस हजार कापतात. तोपर्यंत नव्या गाडीचं पासिंग झालेलं असतं आणि तुम्ही अडकलेले असता. मूल्यांकन करणारा माणूस कोल्हापुरात येऊन गाडी पाहणार असेल तरच आकडा धरा. नाहीतर नवी आणि जुनी गाडी, दोन व्यवहार वेगळे ठेवा.

चेसी नंबर न मागता पैसे पाठवणे

इसार म्हणून पाच-दहा हजार आधी द्यायला हरकत नाही, परतीची अट लिहून घेतली की झालं. उरलेली रक्कम मात्र चेसी नंबर हातात आल्याशिवाय पाठवू नका. बिल आणि नोंदणी होण्याआधी एका सलग व्हिडिओत हे दाखवायला सांगा: १७ अक्षरी चेसी नंबर, तयार झाल्याचा महिना, ओडोमीटर, चारही टायरवरचा चार अंकी कोड (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे), सगळ्या काचांवरचे शिक्के आणि उजेडात चारही बाजू. एखादीच काच वेगळ्या वर्षाची दिसली, तर ती का बदलली ते विचारा. ओडोमीटर दोनशेच्या वर असेल, तर ती टेस्ट ड्राइव्हला फिरलेली असू शकते. पुण्यात कोणी ओळखीचं असेल, तर त्यालाच पाठवा. व्हिडिओत रंगाचा फरक दिसत नाही. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे नमुना २१ वर, उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. तो फोटो आधी मागून कोटेशनशी जुळवा. जानेवारीत घेतलेली गाडी मागच्या वर्षाची निघाली, तर विकताना ती एक वर्षाने जुनी धरली जाते. स्वस्तात मिळत असेल तर जरूर घ्या, पण त्या स्वस्ताईचा आकडा कोटेशनवर दिसला पाहिजे.

पैसे आरटीजीएसने, डीलरच्या फर्मच्या खात्यावर. एक्झिक्युटिव्हच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. खाते क्रमांक फोनवर ऐकून टाकू नका, मेलमधला क्रमांक शोरूमच्या लँडलाइनवर फोन करून पडताळा आणि बँक दाखवते ते लाभार्थीचं नाव कोटेशनवरच्या नावाशी ताडा. 'थोडे रोख द्या, बिल कमी करतो' याला नकार द्या. एका व्यवहारात दोन लाख किंवा जास्त रोख घ्यायला कायद्याने बंदी आहे, आणि बिल कमी झालं की विमाही कमी रकमेचा होतो.

आता आकडा फिरला तर?

पैसे गेल्यावर फोन येतो: 'लॉजिस्टिकचे आठ हजार राहिले.' गाडी शोरूमपर्यंत आणण्याचा खर्च एक्स-शोरूम भावात आधीच धरलेला असतो. फोनवर वाद घालू नका. कबुलीचा मेल पुन्हा पाठवा, सोबत कार कंपनीच्या ग्राहक सेवेचा पत्ता जोडा आणि खर्चाचं रीतसर बिल मागा. बिल देता येत नाही असा खर्च बहुतेक वेळा तिथेच मागे पडतो. नाही पडला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. हाताशी मेलची साखळी असली की तक्रार उभी राहते, नसली तर तुमचा शब्द विरुद्ध त्यांचा.

पाडवा किंवा दसऱ्याच्या मुहूर्तावरच गाडी हवी असेल, तर पैसे, पासिंग आणि पाहणी चार दिवस आधी उरका. त्या दिवशी शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते आणि ओरखडा दाखवायला कोणाला वेळ नसतो. निघण्याआधी फास्टॅग चालू झाल्याचा मेसेज पाहा. पुण्याहून येताना खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे आणि किणी असे चार नाके लागतात, आणि टॅग बंद असेल तर प्रत्येक ठिकाणी जादा पैसे जातात. पेट्रोलची टाकी भरून देतात असं समजू नका. शोरूमपासून पहिला पंप गाठण्यापुरतंच ते असतं.